वॉरंटी संपली, म्हणजे हक्कही संपला काय?

गेल्या लग्नसराईच्या ऐन गर्दीत आमच्या दुकानाचे शिवणकाम करणारे मास्टर सकाळीच गल्ल्यासमोर येऊन बसले. हातात मोबाईल, पण बंद पडलेला. गिऱ्हाइकांची मापे, ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो, कोणाकडून किती ॲडव्हान्स आला याचा हिशेब, सारे त्यातच. फोन चौदा महिन्यांपूर्वी सोळा हजारांना घेतलेला. पुसदहून यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरला एक फेरी होऊन गेली होती. तिथे सांगितले की बोर्ड गेला आहे, साडेनऊ हजार लागतील, वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली. "सेठ, दोन महिने आधी मेला असता तर फुकटात झाला असता," असे मास्टर म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी विचारले, आधी काही त्रास होता काय? तेव्हा कळले की दहाव्या महिन्यापासूनच फोन तापत होता, आपोआप बंद होत होता. दोनदा विकत घेतलेल्या दुकानात नेऊन दिला. दुकानातल्या पोराने सॉफ्टवेअर मारून संध्याकाळी परत केला. त्याचा कागद? काही नाही. बिल? बिलाच्या जागी दुकानाच्या पॅडवरची कच्ची चिठ्ठी. पक्के बिल घ्याल तर जीएसटी लागेल, चिठ्ठीवर पाचशे कमी करतो, असे ठरले होते. ते पाचशे रुपये मास्टरांना साडेनऊ हजारांना पडले.

त्याच सुमारास माझ्या मुलाचा फोनही बिघडला. कंपनी वेगळी, पण गोष्ट तीच. अकराव्या महिन्यात स्क्रीनला बोट लावले की फोन अडकायचा. सेंटरवाल्यांनी जॉबशीट दिली, तिच्यावर 'टचची तक्रार, सॉफ्टवेअर अपडेट केले' असे लिहिले. तेराव्या महिन्यात टच पूर्ण गेला. सेंटरने वॉरंटीकडे बोट दाखवले. मुलाने भांडण केले नाही. त्याने एवढेच म्हटले की, हाच दोष वॉरंटीत असताना तुमच्याकडे नोंदवला आहे, तुम्ही तो दूर केला नाही, आता नकार द्यायचा तर लेखी द्या. लेखी काही मिळाले नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि कंपनीला बिलाची व जॉबशीटची प्रत जोडून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. तीन आठवड्यांनी स्क्रीन बदलून मिळाली. मजुरीचे सहाशे रुपये मात्र त्यांनी घेतलेच.

दोन्ही फोन वॉरंटीबाहेरचे. फरक फक्त कागदाचा.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांमध्ये असा पक्का समज आहे की बारा महिने झाले की कंपनी मोकळी. वॉरंटी म्हणजे कंपनीने आपणहून दिलेला वायदा, की एवढ्या मुदतीत काही झाले तर प्रश्न न विचारता दुरुस्त करून देऊ. कायदा त्या वायद्याच्या पलीकडचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, 'दोष' या शब्दाची व्याख्या दिली आहे: मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता यांत कायद्याने, कराराने किंवा विकणाऱ्याच्या दाव्याने जे असायला हवे त्यात उणीव असणे. त्या व्याख्येत बारा महिन्यांचा उल्लेख नाही. माल कारखान्यातूनच सदोष निघाला असेल, तर तो तेराव्या महिन्यात उघडा पडला म्हणून निर्दोष ठरत नाही.

माझे शिक्षण उर्दू माध्यमाचे. मुलाने कागद वाचताना 'अंगभूत दोष' असा शब्द उच्चारला तेव्हा मी क्षणभर अडलो. मग ध्यानात आले, हा तर आपला जुना 'ऐब'. आपल्या फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणतात तो हाच: विकणाऱ्याकडे असतानाच मालात लपलेला ऐब होता आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नव्हता, तर सौदा परत फिरवण्याचा अधिकार. कापडाच्या धंद्यात आपण हे रोजच पाळतो. सुरतेहून किंवा मालेगावहून आलेला ताका आपण गिऱ्हाइकासमोर उलगडतो आणि आत धागा तुटलेला, रंगाचा पट्टा निघालेला दिसतो. माल येऊन चार महिने झाले तरी आडत्या तो परत घेतो किंवा भावात तोड देतो. पण तोच ताका आपण उन्हात ठेवला आणि घडीवर रंग उडाला, तर कोणत्या तोंडाने परत पाठवणार?

मोबाईलचेही असेच आहे, आणि इथेच खरी अडचण आहे. फोन पाण्यात पडला, आपटला, दुसऱ्याचे चार्जर लावून जाळला, तर तो ऐब नव्हे. वॉरंटी संपल्यावर दोष मुळातला होता हे दाखवण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. बॅटरी दोन वर्षांत थोडी उतरली म्हणून कोणी नवा फोन देणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही बरोबर नाही. दावा मजबूत होतो तो दोन प्रसंगी. एक, दोष वॉरंटीत असतानाच सुरू झाला आणि त्याची नोंद आहे. दोन, त्या मॉडेलच्या पुष्कळ फोनांत तोच दोष निघाला आहे. असे झाले की मोठ्या कंपन्याही नमतात. स्क्रीनवर हिरवी रेघ येण्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२४ साली सॅमसंगने आपल्या काही जुन्या गॅलेक्सी फोनांना वॉरंटी नसतानाही एकदा मोफत स्क्रीन देण्याची योजना भारतात काढली. वनप्लसनेही याच दोषासाठी मोफत स्क्रीनची तयारी दाखवली. तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी काही योजना आहे काय, हे कंपनीला सरळ विचारावे. सेंटरचा माणूस आपणहून सांगेलच असे नाही.

आता आपल्या वाचकांच्या खास कामाची बाब. कायदा 'ग्राहका'चा आहे, आणि व्यापारी हेतूने घेतलेला माल त्यात बसत नाही. मग दर्ज्याने धंद्यासाठी वापरलेला फोन? वेल्डिंगवाल्याचा? बेकरीवाल्याचा? समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. पण कायद्यातच खुलासा आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे सविस्तर समजावले. तो दावा महाराष्ट्र राज्य आयोगापुढे सुरू झाला होता. एका लघुउद्योजकाने कोइंबतूरच्या संस्थेकडून लाखोंचे मशीन घेतले होते आणि ते सदोष निघाल्याची त्याची तक्रार होती. तो उद्योजक हरला, कारण यंत्राची किंमत आणि कामाचा पसारा पाहता ते पोटापुरते काम नव्हते. पण त्याच निकालात न्यायालयाने सांगितले की रिक्षा किंवा लेथ मशीन घेऊन ते स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे. आमचे मास्टर त्यात नक्की बसतात. मी बसेन काय? दुकानात चार नोकर, मुनीम वेगळा, आणि फोनचे बिल फर्मच्या नावाने घेऊन त्यावरचा जीएसटी परत मिळवायचा, तर माझी बाजू लंगडी होईल हे मला कबूल आहे. म्हणून आमच्याकडे आता घरच्या माणसाचा फोन घरच्या माणसाच्या नावाने येतो. थोडा कर सुटत नाही, न सुटो.

तक्रार करण्याची रीत लोकांना वाटते तितकी अवघड नाही. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या कायद्यात विरुद्ध पक्षाचा धंदा किंवा शाखा जिथे असेल, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथे जावे लागे. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचा धंदा करतो तिथेही दाद मागता येते. म्हणजे फोन बंगळूरच्या कंपनीकडून ऑनलाइन आला असला तरी दिग्रस, दारव्हा, उमरखेडच्या माणसाचे यवतमाळात भागते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. दोष खरा की खोटा हे ठरवायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र आधी तक्रारदाराला भरावा लागतो. आयोगाला पटले तर तो दोष दूर करणे, वस्तू बदलणे, पैसे परत करणे आणि नुकसानभरपाई, यांतला योग्य तो आदेश देतो. मुदत दोन वर्षांची. ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, म्हणून नकार मिळाल्याची तारीख जपून ठेवावी. तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि त्याहून वेळ जातो. सोळा हजारांच्या फोनसाठी दुकान बंद करून यवतमाळच्या किती खेपा घालायच्या, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. म्हणूनच आधी १९१५, मग नोटीस, आणि शेवटी आयोग. २०२५ पासून ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

आणखी एक चूक आपल्याकडे हमखास होते. सेंटरने नकार दिला की तडक मोहल्ल्यातल्या पोराकडे जाऊन फोन उघडायचा. एकदा बाहेर उघडला की कंपनी म्हणते, दोष त्यानेच केला. आधी सेंटरची जॉबशीट आणि खर्चाचा लेखी अंदाज हातात घ्यावा. तक्रार करायची नाही असे ठरले, तर मग खुशाल त्या पोराकडे जावे. त्याला मी कमी लेखत नाही. आपली कितीतरी मुले या कामावर घर चालवतात, आणि सेंटर जिथे अख्खा बोर्ड बदलायला सांगते तिथे ती एक आयसी बदलून फोन चालू करतात. त्यांना अस्सल सुटे भाग आणि बोर्डाचे नकाशे कंपन्यांकडून रास्त भावात मिळाले, तर वॉरंटीनंतरचे निम्मे भांडण मिटेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यात मोबाईलही आहे. पण ते माहिती देते, कंपनीला बांधत नाही. युरोपियन संघाने जून २०२५ पासून नियमच केला आहे: फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग पुरवायचे. आपल्याकडे असा सक्तीचा कायदा व्हावा, ही मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. बाजारात दुरुस्ती करणारेही आपणच आणि विकणारेही आपणच आहोत.

विकणाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या दुकानाचेही सांगतो. माझ्या बिलबुकावर वडिलांच्या काळापासून तळाला छापलेले होते, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' कायदा वाचल्यावर कळले की बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे, हीही तशीच. मोबाईलवाल्याच्या नावाने मी बोटे मोडत होतो, आणि शंभर-दोनशेच्या कटपीसवर मीही कच्ची चिठ्ठीच देत होतो. पुसदच्या छापखान्यात नवे बिलबुक टाकले तेव्हा ती ओळ काढायला सांगितली. छापणारा म्हणाला, "सेठ, सगळेच छापतात." तिच्या जागी 'कापडात दोष निघाल्यास तीस दिवसांत बिलासह आणावे' असे छापून घेतले. पहिल्या महिन्यात दोन साड्या परत आल्या. एकीचा खरोखर काठ फाटलेला होता. दुसरी नेसून, परफ्यूम लावून आणली होती, ती मी घेतली नाही.

मास्टरांचा फोन शेवटी मोहल्ल्यातल्याच मुलाने बावीसशे रुपयांत सुरू करून दिला. मापे सापडली, फोटो सापडले, लग्नाचे कपडे वेळेवर गेले. तीन महिने झाले, फोन अजून तापतो. मास्टर आता मापे वहीतही लिहून ठेवतात.