वावर समृद्धीत गेलं

‘ज्याचं वावर समृद्धीत गेलं, त्याचं भलं झालं,’ हे शेलूबाजारच्या कुठल्याही हॉटेलात चहाबरोबर फुकट ऐकायला मिळतं. समृद्धी महामार्ग आपल्या मंगरूळपीर तालुक्यातून गेला. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरूही झाला. सरळ खरेदीत बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. रस्त्याची आखणी मात्र कोणाची गरज बघून होत नाही. धुऱ्याच्या अलीकडच्याला रक्कम, पलीकडच्याला धूळ. दोघांचा पाऊस तोच, मेहनत तीच, सोयाबीनचा पडलेला भावही तोच.

पूर्वी असे दोघे सावड करायचे. याचा एक बैल, त्याचा एक. आज याच्या वावरात तिफण, उद्या त्याच्या. त्यात प्रेम होतंच असं नाही. धुऱ्यावरून बोलणं बंद असलेलेही पेरणीला जोडी जुळवत, कारण घोडं दोघांचंही अडलेलं असे. मोबदल्यातून ट्रॅक्टर आला आणि एकाचं अडणं संपलं. आता शेजाऱ्याने ट्रॅक्टर मागितला की तासाचं भाडं. मग तोही पाणंदीतून ट्रॅक्टर जाऊ देताना टेप घेऊन उभा! मत्सर गावात आधीही होता (आपण काही संतांच्या वस्तीत राहत नव्हतो). एकमेकांवाचून अडणं तेवढं गेलं.

अकिहिरो निशी, निकोलस ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१५मध्ये ‘नेचर’मध्ये आला. लोकांना कमीजास्त पैसे देऊन सहकार्याचा खेळ खेळायला लावला. शेजाऱ्याकडे किती आहे हे ज्या गटांत दिसत नव्हतं, तिथे विषमतेने फारसं बिघडलं नाही. जिथे आकडे दिसत होते, तिथे सहकार्य आटलं. आपल्याकडे झाकून काय राहतं? कोणाच्या खात्यात किती पडले, हे बँकेच्या आधी पाराला ठाऊक.

सगळ्यांचं म्हणून काम निघालं, तरी पदरात सारखं पडतं का? जलसंधारणाच्या २०१८च्या वॉटर कप स्पर्धेत आपला तालुका होता. श्रमदानात भूमिहीन मजूरही टोपली उचलायचे. चर खणून मुरलेलं पाणी लागणार कोणाच्या विहिरीला? ज्याची विहीर, त्याच्या. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याला ‘गावासाठी ये’ म्हणणं सोपं आहे. विहीर भरल्यावर त्याला रब्बीचं काम किती, मजुरी किती, हे बागायतदारांनी कुदळ उचलण्याआधी ग्रामसभेत का सांगू नये?