म्हातारी पेशी की थांबलेली पेशी?

दान मिळालेला डोळा नेत्रपेढीत आला की पारपटलाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, सर्वांत आतल्या थरातील पेशी मोजल्या जातात. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या साधारण २००० तरी असाव्यात, अशी अपेक्षा असते. या पेशी पारपटलात झिरपणारे पाणी सतत बाहेर काढतात, म्हणून ते काचेसारखे पारदर्शक राहते.

अडचण अशी की, मेलेल्या पेशीच्या जागी येथे नवी पेशी येत नाही. तरुणपणी ३००० च्या आसपास असलेली संख्या दरवर्षी सुमारे ०.६ टक्क्याने घटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही काही पेशी गमावल्या जातात. संख्या ५०० च्या खाली गेली की पारपटल सुजते आणि दृष्टी धूसर होते.

या पेशींची विभाजनाची ताकदच संपलेली असते का? लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले की, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी सुमारे ५० वेळा विभागून थांबतात. दर विभाजनात गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, आखूड होतात. पारपटलाच्या या पेशींत मात्र ही टोके उतारवयातही बऱ्यापैकी लांब आढळतात. म्हणजे विभाजनाचा कोटा शिल्लक आहे, फक्त ब्रेक लागलेला आहे. शेजारच्या पेशींचा स्पर्श आणि डोळ्यातील द्रवातले काही घटक तो ब्रेक लावतात. प्रकाश आणि ऑक्सिडीकरणामुळे डीएनएची झीज होते, तसा वयानुसार तो अधिकच घट्ट होतो.

जपानमधील क्योतो येथे शिगेरू किनोशिता यांच्या गटाने हाच ब्रेक सैल केला. दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांनी त्या रोगग्रस्त डोळ्यात इंजेक्शनने सोडल्या. पेशी चिकटून बसाव्यात म्हणून सोबत ‘रॉक इनहिबिटर’ हे औषध दिले आणि रुग्णाला काही तास पालथे झोपवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, २४ आठवड्यांनी सर्व ११ रुग्णांत पेशींची संख्या ५०० च्या वर होती. मार्च २०२३ मध्ये जपानने या उपचारपद्धतीला मंजुरी दिली.

एका दात्याच्या पेशी अनेकांना पुरू शकतात, हे नेत्रदानाचा तुटवडा असलेल्या भारतासाठी महत्त्वाचे आहे. तरी दोन मर्यादा विसरून चालणार नाही. वृद्ध दात्यांच्या पेशी प्रयोगशाळेतही नीट वाढत नाहीत, आकार बदलतात आणि लवकर थकतात. त्यामुळे तरुण दात्यांची गरज राहतेच. शिवाय आपल्याकडे जंतुसंसर्ग आणि इजेमुळे पारपटलावर पडलेले व्रण हे अंधत्वाचे मोठे कारण आहे. तेथे आतल्या थरात पेशी सोडून भागत नाही. पारपटलच बदलावे लागते.

म्हणजे या तंत्रामुळे एका नेत्रदानाचे मोल वाढेल, पण नेत्रदानाची गरज संपणार नाही. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवणे, ही पहिली पायरी आजही कुटुंबीयांच्याच हाती आहे.