विश्लेषण : परिषद ऑनलाइन झाली, संशोधन खुले कधी होणार?

करोनाची पहिली लाट सुरू असताना, २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांच्या नोंदींच्या आधारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असे त्यात म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. मात्र मूळ नोंदी एका खासगी कंपनीकडे होत्या आणि त्रयस्थ तज्ज्ञांना त्या मिळेनात. अखेर ४ जूनला निबंध मागे घेण्यात आला. पुढे हे औषध करोनावर निरुपयोगीच ठरले. पण ते प्रत्यक्ष चाचण्यांतून, न तपासता येणाऱ्या आकड्यांतून नव्हे.

खुले विज्ञान म्हणजे काय?

शोधनिबंधच नव्हे, तर त्यामागचा डेटा, पद्धत आणि संगणकीय आज्ञावलीही इतरांना तपासता येणे. पूर्वनोंदणी हा त्याचाच भाग. प्रयोगाआधीच गृहीतक आणि पद्धत जाहीर केली, की निकाल पाहून प्रश्न बदलण्याची पळवाट बंद होते. याची गरज २०१५ मध्ये ठळकपणे दिसली. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम नोंदवला होता. फेरप्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच आढळला.

ऑनलाइन परिषदांनी काय साधले?

मार्च २०२० मध्ये मेंदूविज्ञानाची ‘न्यूरोमॅच’ परिषद पूर्णपणे ऑनलाइन झाली. समान विषयांवर काम करणाऱ्यांच्या भेटी संगणकीय जुळणीतून घडवण्यात आल्या. अशा परिषदेत विमानभाडे आणि व्हिसाचा अडसर राहत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणारा प्राध्यापकही नामवंत संशोधकाला थेट प्रश्न विचारू शकतो. मात्र व्याख्यान सर्वांना दिसले, म्हणून त्यामागचा डेटा खुला झाला असे होत नाही.

भारतात स्थिती काय?

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चून सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके खुली करण्याची ही योजना आहे. पाऊल स्वागतार्हच, पण ही सोय वाचण्यापुरती आहे. ज्याच्या करातून संशोधन होते, तो सामान्य नागरिक या कुंपणाबाहेरच राहतो.

पुढे काय हवे?

सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचा डेटा, रुग्णांची ओळख पुसून, निबंधासोबतच जाहीर करण्याची अट हवी. फेरतपासणी करणाऱ्याला बढतीत श्रेय हवे. नाहीतर दुसऱ्याचे काम तपासण्यात वेळ कोण घालवणार? विज्ञानावर विश्वास ठेवा, असे जनतेला सांगायचे, तर आधी हिशेबाची वही उघडी ठेवावी लागेल.