जन्मनोंद आणि शाळेचा दाखला

फ्रान्समध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या सोलापूरच्या माणसाकडे तिथली सरकारी खिडकी पासपोर्टनंतर मागते तो कागद पदवीचा नसतो, जन्माचा असतो. आरोग्य विम्याचा कायमचा क्रमांक, लग्न, नागरिकत्व, कशासाठीही गेले तरी आई-वडिलांच्या नावांसह जन्मदाखला लागतो. विम्याच्या क्रमांकाची तर घडणच जन्माच्या नोंदीतून होते. पहिला आकडा पुरुष की स्त्री हे सांगतो, पुढचे दोन जन्मवर्ष, त्यापुढचे दोन महिना, मग जन्मस्थान. फ्रान्सबाहेर जन्मलेल्यांच्या क्रमांकात जन्मस्थानाचे आकडे ९९ने सुरू होतात. जन्माचा महिना चुकीचा पडला तर चूक माणसाच्या क्रमांकातच जाऊन बसते, आणि हा क्रमांक डॉक्टरकडे, पगारपत्रकावर, निवृत्तिवेतनात, सगळीकडे बरोबर येतो.

फ्रेंच व्यवस्थेत जन्मनोंद एकदा लिहून संपत नाही. माणसाचे लग्न, घटस्फोट, शेवटी मृत्यू, हे सारे त्याच नोंदीच्या समासात चढवले जाते. म्हणून तिथे ‘तीन महिन्यांच्या आतला जन्मदाखला आणा’ असे सांगतात. जन्म बदललेला नसतो, समास बदललेला असू शकतो. नावाबाबतही तोच कडकपणा आहे. राज्यक्रांतीच्या काळात, ऑगस्ट १७९४मध्ये झालेल्या कायद्याने नागरिकाला जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव लावण्यास बंदी केली. ते तत्त्व आजही चालू आहे. लग्न झालेली बाई नवऱ्याचे आडनाव वापरू शकते, पण ते वापरायचे नाव. कायद्याचे नाव माहेरचेच राहते.

या व्यवस्थेशी सगळ्यात आधी अडखळतात ते शेजारचे इंग्रज. इंग्लंडमध्ये नाव वापराने बदलते, फार तर एक साधे घोषणापत्र करावे लागते. जन्मदाखला एकदा निघाला की त्यावर पुढे काही चढत नाही. चाळीस वर्षे नवऱ्याच्या आडनावाने वावरलेली इंग्रज बाई निवृत्तीनंतर फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात राहायला जाते आणि विम्याच्या कार्डावर तिला स्वतःचे विसरलेले माहेरचे आडनाव दिसते. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर या लोकांना निवास परवाना काढावा लागत नव्हता, त्यामुळे कागदांचा प्रश्न टळत होता. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संक्रमणकाळ संपला. आधीपासून राहणाऱ्यांना वेगळा परवाना मिळाला. नंतर येणाऱ्यांना मात्र १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचे तर व्हिसा आला. २०२१पासून नवा येणारा इंग्रज आणि नवा येणारा सोलापूरकर एकाच रांगेत उभे आहेत. इतिहासाने असा न्याय क्वचितच केला असेल.

इंग्रजाची अडचण मात्र एका कागदाची आहे, सोलापूरकराची दोन कागदांची. आपल्याकडे माणसाची ओळख जन्मनोंदीवर उभी राहिलेली नाही, ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उभी आहे. नोकरी, जातीचा दाखला, आधार, पॅन, सगळ्यांच्या मुळाशी शाळेचे जनरल रजिस्टर. तिथे जे नाव आणि जी तारीख पडली, तीच दहावीच्या प्रमाणपत्रावर गेली आणि तिथून पुढे सर्वत्र. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४मध्ये, काही तर मोडी लिपीत. कायदा आल्यावरही घरी सुईणीच्या हातून झालेले बाळंतपण कागदावर चढेलच याची खात्री नव्हती. पोरगे शाळेत घालायच्या दिवशी गुरुजी वय विचारत, बाप ‘पूर आला त्या वर्षीचा’ असे काहीतरी सांगे आणि रजिस्टरात १ जून पडे. जूनमध्ये शाळा सुरू होते, वय बसते, काम मिटले. एकाच वर्गातले निम्मे विद्यार्थी १ जूनला जन्मलेले, हे महाराष्ट्रात कोणालाच आश्चर्याचे वाटत नाही. फ्रेंच कारकुनाला वाटते, कारण त्याच्या टेबलावर महापालिकेचा दाखला नोव्हेंबर म्हणतो आणि पासपोर्ट जून.

पासपोर्टच्या नियमांनीही हा दुभंग सांभाळून घेतला. २६ जानेवारी १९८९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्वी पासपोर्टसाठी जन्मदाखला सक्तीचा होता. डिसेंबर २०१६मध्ये ती सक्ती सैल झाली आणि शाळेचा दाखला, पॅन, आधार यांवरही जन्मतारीख मान्य होऊ लागली. अर्जदारांची सोय झाली यात शंका नाही. पण जी तफावत पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या पातळीवर उघडी पडून दुरुस्त झाली असती, ती आता हजारो किलोमीटरवर उघडी पडते, जिथे ती दुरुस्त करता येत नाही.

तारखेनंतर गाव. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. कायदा मात्र जन्म जिथे झाला तिथे नोंद करतो, कुटुंब राहते तिथे नाही. त्यामुळे सोलापुरात वाढलेल्या, पासपोर्टवर जन्मस्थान सोलापूर लिहिलेल्या माणसाची मूळ नोंद अक्कलकोट तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत निघते, किंवा सीमेपलीकडे इंडीला, आळंदला. तिथला दाखला कानडीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबांच्या नोंदी तेलंगणात सापडतात. त्यात गावांची आणि जिल्ह्यांची नावे बदलत गेली. सोलापूरचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांवर ‘एस’नंतर ‘एच’ घेऊन येते. कर्नाटकाने २०१४मध्ये विजापूरचे विजयपुरा आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी केले, उस्मानाबाद २०२३मध्ये धाराशिव झाले. पासपोर्टवर गुलबर्गा आणि नव्या दाखल्यावर कलबुर्गी ही दोन गावे नसून एकच आहे, हे फ्रान्समधल्या जिल्हा कार्यालयाला कागदानेच पटवावे लागते.

सगळ्यात गुंत्याचा भाग नावाचा. मराठी रीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी. पासपोर्टमध्ये दोनच रकाने, आडनाव आणि दिलेले नाव, म्हणून वडिलांचे नाव दिलेल्या नावात जाऊन बसते. फ्रेंच कार्यालय ते माणसाचे दुसरे नाव समजते. मुलीच्या कार्डावर मग तिच्या नावाशेजारी एका पुरुषाचे नाव येते, आणि त्याचा अर्थ तिथे कोणालाच लागत नाही. सोलापुरातल्या तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी येते, शाळेत मास्तरांनी ते शेवटी नेलेले असते, म्हणजे जन्मदाखल्यावर एक क्रम आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरा. कानडी घरांत ‘अप्पा’, ‘अव्वा’ कधी नावाला जोडून, कधी सुटे, कधी गाळलेले. हे तिन्ही प्रकार एका गल्लीत नांदतात आणि गल्लीत त्याने काही बिघडत नाही.

लग्न झालेल्या बाईचे तर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, काही घरांत पहिले नावही. जन्मदाखल्यावरची, पदवीवरची आणि पासपोर्टवरची अशा कागदोपत्री तीन बायका तयार होतात. यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे राजपत्रात नाव-बदलाची जाहिरात. राज्याच्या शासकीय मुद्रण संचालनालयाकडून ती प्रसिद्ध होते आणि भारतात बहुतेक ठिकाणी चालते. पण राजपत्राने पुढचे नाव बदलते, मागची जन्मनोंद तशीच राहते, आणि फ्रान्सला नेमकी मागची नोंद हवी असते. म्हणून जाणकार सल्ला देतात की फ्रान्सला जाणाऱ्या नवविवाहितेने पासपोर्टवर माहेरचे नाव ठेवावे. सासरी यावरून थोडी कुरकुर होते. नंतरच्या हेलपाट्यांपेक्षा ती परवडते.

चूक दुरुस्त करायची तर ती मूळ नोंदीत करावी लागते. १९६९च्या कायद्याच्या कलम १५ने निबंधकाला चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार दिला आहे. तो पुराव्यावर चालतो, मागणीवर नाही. जन्मनोंदीत बाळाचे नावच नसेल, नुसते ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असेल, तर नाव चढवण्याची मुदत पंधरा वर्षांची. नोंदच नसेल तर आधी ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आणि मग उशिराच्या नोंदीसाठी अर्ज. एका वर्षापेक्षा जुन्या जन्मासाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. फसव्या नोंदींच्या तक्रारींनंतर २०२५च्या सुरुवातीला राज्याने अशा नोंदी काही काळ थांबवल्या आणि नंतर पडताळणी कडक केली. एकंदर, हे काम दोन आठवड्यांच्या रजेत होण्यासारखे नाही. शाळेच्या रजिस्टरातली तारीख बदलणे त्याहून अवघड, कारण शाळा सोडल्यानंतर ती सहसा बदलून मिळतच नाही.

दाखला बरोबर असला तरी तो तसाच चालत नाही. त्यावर अपोस्टिल लागते, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचे परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणन. १९६१च्या हेग करारातून आलेली ही पद्धत भारतात १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अपोस्टिलआधी राज्याच्या पातळीवर, मुंबईला मंत्रालयात, प्रमाणन होते. सोलापूरचा माणूस हे बहुधा एजंटाकरवी करतो, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या पन्नास रुपयांच्या शुल्कापुढे एजंटाचे बिल कितीतरी मोठे असते. इथे एक क्रम पाळावा लागतो. आधी अपोस्टिल, मग भाषांतर, कारण शिक्क्याचेही भाषांतर व्हावे लागते. ते फ्रान्समधल्या न्यायालयाच्या यादीवरच्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घेणे सुरक्षित. गावात करून नेलेले भाषांतर अनेकदा परत येते.

उलट दिशेच्या कामाला, म्हणजे परदेशात बसून सोलापूरचे घरदार सांभाळायला, वेगळे कागद लागतात. माणूस अनिवासी झाला की त्याचे साधे बचत खाते चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे साधारण खाते, करावे लागते. अनेकजण ते करत नाहीत आणि घर विकायची वेळ आली की जागे होतात. पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना सूट होती, पण आयकर खात्याकडे ‘अनिवासी’ अशी नोंद न केलेल्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. मुखत्यारपत्र वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे करून पाठवले, तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. मुखत्यारपत्रावर भावाला घर ‘देऊन टाकणे’ हा जुना मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये बंद केला. तशा कागदाने मालकी जात नाही.

वडील गेले की सातबाऱ्यावर वारस लावायचे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, मग नोटीस, पंधरा दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. सुतक संपते न संपते तोच पॅरिसचा मुलगा परतीच्या विमानात असतो आणि फेरफार राहून जातो. वारस कोण यावर वाद असला किंवा मोठी रक्कम अडकली असली तर न्यायालयाचा वारस दाखला. तो महाराष्ट्रात अजूनही १८२७च्या मुंबई नियमावलीखाली मिळतो. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे झाली, त्यांची नियमावली मात्र सोलापूरच्या कोर्टात हजर आहे. त्या अर्जालाही नातेसंबंध सिद्ध करणारा कागद लागतोच.

फ्रेंच नागरिकत्व घेणाऱ्याच्या वाटेवर हा विषय शेवटचा आणि पक्का होतो. १ जानेवारी २०२६ पासून त्यासाठी भाषेची अट वरच्या पायरीवर, बी-२वर, गेली आहे. नागरिकत्व मिळाले की नांत शहरातले केंद्रीय नोंदणी कार्यालय त्या माणसाची नवी फ्रेंच जन्मनोंद तयार करते, त्याने दिलेल्या मूळ दाखल्यावरून. सोलापुरात पडलेली चूक तिथे फ्रेंचमध्ये उतरते. इंग्रज दोन्ही नागरिकत्वे ठेवू शकतो. भारतीयाला राज्यघटना आणि १९५५चा नागरिकत्व कायदा ती मुभा देत नाहीत. त्याने भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि हवे तर ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, कार्ड घ्यायचे. त्यावर मतदान नाही. वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. या कार्डाच्या अर्जात जुना पासपोर्ट आणि नवी कागदपत्रे शेजारी ठेवली जातात, आणि १ जून पुन्हा समोर येतो.

यातले जवळजवळ सगळे प्रश्न सोलापूर सोडण्यापूर्वी, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात किंवा माहेरच्या ग्रामपंचायतीत सुटू शकतात, व्हिसाची तारीख मिळण्याआधी. सध्या लोक उलटे करतात. आधी भाषेची परीक्षा, मग प्रवेश, मग बॅगा, आणि जन्मदाखला आई नंतर कुरियरने पाठवते. नवजात बाळाची नोंद एकवीस दिवसांच्या आत विनामूल्य होते. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार आहे. त्यांतली पहिली मुले २०४१ साली अठरा वर्षांची होतील. त्याआधी परदेशी निघणाऱ्या प्रत्येकाने जन्मदाखला आणि शाळेचा दाखला एका टेबलावर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.