कुत्रा शाळेतून येत होता का?

या वेळचा इंग्रजीचा धडा माझ्या भाचीच्या मुलाखतीवरून सुचला. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

पोरगी मराठी माध्यमातली, बी.कॉम. झालेली. एका खासगी कार्यालयात हिशेबाच्या कामासाठी तिने अर्ज केला. मुलाखतीत समोरच्या साहेबांनी अर्ज वाचत विचारलं, "तुमचे वडील बी.कॉम. होते?" ही म्हणाली, "नाही सर, त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं." दोघे-तिघे हसले. का हसले, हे तिला कळलंच नाही. नेसरीला माझ्याकडे आली ती डोळे पुसतच. "खाला, अब्बांचं दुकान सांगितलं म्हणून हसले का गं?"

मी अर्ज पाहिला. वाक्य होतं: "आफ्टर पासिंग बी.कॉम., माय फादर डाइड." तिला म्हणायचं होतं, मी बी.कॉम. झाल्यावर अब्बा वारले. इंग्रजीत झालं असं की बी.कॉम. पास झाले अब्बा, आणि मग वारले. हसणाऱ्यांची मला चीड आली. पोरीने बापाच्या मृत्यूचं लिहिलंय, तिथे कसलं हसू? पण वाक्य चुकलं होतं हेही खरंच.

आता हे चुकलं का, ते बघू. मराठीत आपण सहज म्हणतो, "शाळेतून येताना मला कुत्रा चावला." शाळेतून कोण येत होतं, हे कुणी विचारत नाही, सगळ्यांना कळतं. हेच शब्द उचलून इंग्रजीत ठेवले की होतं, "कमिंग फ्रॉम स्कूल, अ डॉग बिट मी." इंग्रजी वाचणारा स्वल्पविरामानंतर पहिलं नाम कुठलं ते बघतो, आणि आधीचं सगळं त्याच्या गळ्यात बांधतो. तिथे कुत्रा उभा आहे. म्हणजे कुत्राच दप्तर घेऊन शाळेतून येत होता! मराठीतलं "येताना", "झाल्यावर" दुसऱ्या कर्त्याला चालवून घेतं, इंग्रजीतलं "कमिंग", "पासिंग" घेत नाही. म्हणून तिथे कर्ता उघड लिहायचा: "व्हाइल आय वॉज कमिंग फ्रॉम स्कूल, अ डॉग बिट मी." भाचीचं वाक्य: "आफ्टर आय पास्ड बी.कॉम., माय फादर डाइड." एक "आय" घातला, बस्स.

इंग्रजीत अशा जोडशब्दांना मॉडिफायर म्हणतात. ते ज्याबद्दल बोलतात त्याच्या शेजारीच बसले पाहिजेत. आमच्या गावचंच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. इथल्या प्रत्येक पोराला हे पाठ. पण इंग्रजी निबंधात मुलं लिहितात, "प्रतापराव अटॅक्ड बहलोलखान्स आर्मी विथ सिक्स हॉर्समेन." सहा घोडेस्वार कुणाकडे? वाक्य सांगत नाही. वाचणाऱ्याला वाटेल, खानाच्या फौजेतच सहा स्वार होते. मग त्या धाडसात उरलं काय? "विथ ओन्ली सिक्स हॉर्समेन, प्रतापराव अटॅक्ड..." असं पुढे आणा, सहाही स्वार आपल्या सेनापतीमागे उभे राहतात.

"ओन्ली"ची गंमत वेगळी. आपला "च" शब्दाला चिकटून बसतो. "मीच सोमवारी रोजा ठेवते" आणि "मी सोमवारीच रोजा ठेवते" यांत घोटाळा होणं शक्य नाही. "ओन्ली" मात्र सुटा फिरतो. तो लिहिण्याआधी मनात मराठी वाक्य म्हणा, "च" कुठे येतो ते बघा आणि त्याच शब्दाआधी "ओन्ली" ठेवा: "आय फास्ट ओन्ली ऑन मंडे."

आता अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह. आपल्या मुलांना पॅसिव्हची इतकी सवय का, याचं कारण मला आपल्या व्याकरणात दिसतं. "तिने पत्र लिहिले, तिने चिठ्ठी लिहिली." क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. मग मुलं कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं धरून लिहितात, "द लेटर वॉज रिटन बाय हर." खरं तर साधं "शी रोट द लेटर" पुरतं. आणि बघा, आपल्यापैकी बऱ्याच घरांत जी दख्खनी बोलतात ती इथे उपयोगी पडते. उर्दूत "मैंने रोटी खाई", पण घरात अब्बा म्हणतात "मैं रोटी खाया". तिथे क्रियापद सरळ कर्त्याच्या मागे चालतं, इंग्रजीसारखंच. ज्या बोलीला आपण गावठी म्हणून लाजतो, ती या बाबतीत इंग्रजीच्या जास्त जवळची निघाली.

पॅसिव्ह म्हणजे पापच, असं मात्र समजू नका. चोर माहीत नसेल तर "माय पर्स वॉज स्टोलन" हेच बरोबर. पण खात्यातून पैसे कापल्याची तक्रार लिहिताना "मनी वॉज डिडक्टेड" लिहिलं की कापणारा पडद्याआड जातो. तिथे "द बँक डिडक्टेड" लिहा, म्हणजे उत्तर कुणी द्यायचं ते ठरतं.

पॅसिव्ह आणि लटकता मॉडिफायर बहुधा जोडीने येतात. "आफ्टर रीडिंग द लेटर, अ रिप्लाय वॉज सेंट." पत्र वाचलं कुणी? उत्तराने? पॅसिव्हने कर्ता पळवला, म्हणून पुढचं लटकलं. "आय सेंट अ रिप्लाय" केलं की दोन्ही दुखणी एकदम बरी होतात.

बँकेच्या क्लार्कपदाच्या आयबीपीएस पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. एकाला ४० सेकंद, आणि चुकलं तर पाव गुण जातो. तेव्हा वाक्य दुरुस्तीच्या प्रश्नात सुरुवातीला असा तुकडा दिसला, की नियम आठवत बसू नका. फक्त विचारा, "कोण?" स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम उत्तर देत नसेल, तर तो पर्याय खोडा. अ‍ॅक्टिव्ह पर्याय सुटसुटीत असतो, पण निव्वळ लहान दिसला म्हणून टिक करू नका; आधी अर्थ तोच आहे ना ते पाहा.

भाचीने अर्ज नव्याने लिहिलाय. वडिलांच्या दुकानाचं एक वाक्य तिने स्वतःहून वाढवलं: "माय फादर रॅन अ सायकल रिपेअर शॉप." मी त्याला हात लावला नाही.

खालची तीन वाक्यं मुलांकडून दुरुस्त करून घ्या. उत्तरं पुढच्या अंकात.

"वॉकिंग टू द मार्केट, इट स्टार्टेड रेनिंग."

"ही ओन्ली टेक्स टी इन द मॉर्निंग." (म्हणायचं आहे: तो सकाळीच चहा घेतो.)

"आफ्टर वॉशिंग द राइस, द बिर्याणी वॉज कुक्ड बाय अम्मी."