पराभवाच्या बीजातून

३ नोव्हेंबर १९६४ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची जी निवडणूक झाली, तिचा निकाल पाहून तेथील अनेक जाणत्या मंडळींनी रिपब्लिकन पक्षातील उजव्या विचाराचे उत्तरकार्यच उरकून टाकले होते. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना पन्नासांपैकी अवघी ६ राज्ये मिळाली. लिंडन जॉन्सन यांच्या पारड्यात ४८६ निर्वाचक मते पडली आणि गोल्डवॉटर यांच्या वाट्याला ५२ आली. परंतु सोळाच वर्षांनी, १९८० मध्ये, तोच ध्वज खांद्यावर घेऊन रोनाल्ड रेगन ४४ राज्ये जिंकते झाले. हा काही चमत्कार नव्हे. त्यामागे दीर्घ उद्योग होता आणि एक सौदाही होता. दोन्ही ध्यानात घेतल्यावाचून आजच्या अमेरिकेचे कोडे उलगडणार नाही, असे आम्हांस वाटते.

या विचाराला आपण ‘पुराणमतवाद’ म्हणतो. पण हा शब्द त्याला पुरा पडत नाही. विल्यम बक्ली यांनी १९५५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले, तेव्हा त्यांच्याभोवती तीन निरनिराळ्या पंथांचे लोक जमले. बाजाराच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये म्हणणारे एक. धर्म, कुटुंब आणि परंपरा यांवर समाज उभा आहे असे मानणारे दुसरे. आणि कम्युनिझमशी तडजोड नको म्हणणारे तिसरे. या तिघांचे एकमेकांशी फारसे जमणारे नव्हते. मुक्त बाजार परंपरेची बूज राखीत नाही आणि सोव्हिएत रशियाशी टक्कर द्यावयाची तर सरकार लहान ठेवून भागत नाही. तरीही समान शत्रूच्या भयाने ही मोट पुढे पस्तीस वर्षे बांधलेली राहिली.

उद्योगाचे म्हणाल, तर पराभवानंतर ही मंडळी रडत बसली नाहीत. गोल्डवॉटर यांना अल्पस्वल्प वर्गणी पाठविणाऱ्या सामान्य लोकांच्या नावांच्या याद्या करण्यात आल्या आणि टपालाने त्यांच्याशी संबंध राखण्यात आला. १९६६ मध्ये रेगन कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदी निवडून आले. १९७३ मध्ये ‘हेरिटेज फाउंडेशन’ स्थापन झाले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कराला लगाम घातला. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांच्या ‘मॉरल मेजॉरिटी’ने चर्चमधील भाविकांना मतदानकेंद्राची वाट दाखविली. उदारमतवादी सत्तेत होते आणि आपलाच विचार हा काळाचा विचार, अशा समजुतीत निश्चिंत होते. ससा-कासवाची गोष्ट फक्त मुलांसाठी नसते.

आता सौद्याविषयी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध गोल्डवॉटर यांनी मत दिले. ते स्वतः वर्णद्वेष्टे नव्हते. १९५७ व १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता आणि या खेपेचा त्यांचा आक्षेप घटनात्मक होता. परंतु मतपेटी हेतू विचारीत नाही. त्यांच्या सहा राज्यांपैकी पाच दक्षिणेतील होती आणि त्यांपैकी जॉर्जियाने तर इतिहासात प्रथमच रिपब्लिकन उमेदवारास कौल दिला. दुखावलेल्या गोऱ्या मतदाराचा राग हे हुकमी भांडवल आहे, हा धडा पक्षाने तेथे घेतला. तत्त्वाच्या रोपट्याला हे पाणी मिळाले; झाड फोफावले, पण त्या पाण्याचा गुण फळांत उतरल्यावाचून राहिला नाही.

रेगन यांच्या पदरी न्याय घातलाच पाहिजे. १९८० मध्ये तेरा टक्क्यांवर गेलेली महागाई त्यांच्या कारकिर्दीत उतरली, मध्यवर्ती बँकेच्या कठोर धोरणाचा त्यात मोठा वाटा असला तरी. आयकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला. मात्र सरकार लहान करू म्हणणाऱ्यांच्याच आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि मोट बांधणारी दोरीच तुटली. रेगन यांनी १९८६ मध्ये लक्षावधी बेकायदा स्थलांतरितांना वैध निवासाचा मार्ग मोकळा करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. त्यांच्याच पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प २०१६ व २०२४ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध आवाज उठवून आणि जकातीचा पुरस्कार करून निवडून आले. आमच्या वाचकांनी हे दूरचे प्रकरण समजू नये. ज्या १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेचे दार उघडले आणि ज्यातून मराठी डॉक्टर-इंजिनिअर तेथे स्थायिक झाले, तो कायदा जॉन्सन यांच्या त्याच प्रचंड विजयानंतर झाला होता.

उजवा विचार लोकशाहीला आवश्यक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बदलाच्या वेगाला आवर घालणारा, पूर्वजांनी उभारलेल्या संस्थांचे मोल जाणणारा पक्ष प्रत्येक देशात हवा. पण जतन करणे हे ज्याचे ब्रीद, त्याने प्रथम राज्यघटना व निवडणुकीचा निकाल यांचे जतन केले पाहिजे. ६ जानेवारी २०२१ रोजी पराभव नाकारणारा जमाव वॉशिंग्टनच्या संसदभवनात घुसला. त्याच्या छप्पन्न वर्षे आधी गोल्डवॉटर यांनी याहून कितीतरी मोठा पराभव स्वीकारला होता आणि त्यांचे अनुयायी निमूटपणे कामाला लागले होते. त्या स्वीकारातूनच त्यांचा पुढचा विजय उगवला. या विचाराचा खरा वारसा कोणता, याचा निर्णय आता त्याच्या वारसांनीच करावयाचा आहे.