धोका की घोका?

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर ‘धोका! भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नये’ असा फलक लावायचा आहे आणि त्याची अक्षरे काढण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, अशी कल्पना करा. अक्षर कसे निवडाल? बहुतेक जण म्हणतील, ‘चांगले जाडजूड! जितके जाड, तितके लांबून दिसेल.’ माझ्या मते हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

जाड अक्षरांची हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये भिंतींवरच्या जाहिराती वाढल्या. पुस्तकातली नाजूक अक्षरे तेथे उठून दिसेनात. तेव्हा टाइप ओतणाऱ्यांनी उभ्या रेघा फुगवून ठसठशीत रोमन अक्षरे घडवली. त्यांच्या टोकांना आडव्या पट्ट्या असत; त्यांना सेरिफ म्हणतात. फार मोठी अक्षरे शिशाची केली तर जड होत. म्हणून १८२७ साली अमेरिकेत डॅरियस वेल्स याने यंत्राने कोरलेले लाकडी ठसे काढले. ही अक्षरे वाटसरूला हाक मारण्यासाठी जन्मली, निवांत वाचनासाठी नव्हे.

पण डोळा अक्षर ओळखतो कशावरून? रेघांवरून, तसेच रेघांमधल्या मोकळ्या जागेवरून. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातली फट वेगळी दिसते. ६ मीटरवर ही फट सुमारे पावणेदोन मिलिमीटर भरते, तर ६० मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर. डच नेत्रवैद्य स्नेलेन यांनी १८६२ साली डोळे तपासण्याचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यातली अक्षरे जाड आणि सेरिफ असलेलीच आहेत. परंतु उंची पाच भाग, रेघ एक भाग आणि मधली फटही एक भाग, असे त्यांचे माप आहे. रेघ जाड झाली तरी पोकळी बुजलेली नाही, हे त्यातले मर्म.

देवनागरीत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. मात्रा, वेलांट्या वर आणि उकार खाली. त्यामुळे तेवढ्याच फलकावर मुख्य अक्षराला उंची कमी मिळते. त्यातच रोमन अक्षराच्या बेताने रेघ फुगवली, की शिरोरेषेतली फट बुजते. मग ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. ‘धोका’ऐवजी लांबून ‘घोका’ वाचले जाईल आणि ‘भरती’ची ‘मरती’! वर्गात याचे हसू येईल, किनाऱ्यावर मात्र येणार नाही.

याचा अर्थ जाड अक्षर टाकून द्यावे असा नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘रोझा वन’ हा ठळक फाँट देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत काढला. नियतकालिकाच्या शीर्षकाला किंवा नाटकाच्या जाहिरातीला असे अक्षर शोभते. पण इशाऱ्याचा मजकूर मध्यम जाडीच्या, मोकळ्या अक्षरातच हवा. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी छपाईच्या सोयीसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यात लक्ष घातले होते. आता खिळे गेले आणि संगणक आला. तरी लिपी आणि यंत्र यांची सांगड घालण्याचे काम संपलेले नाही.

शिक्षकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते टांगण्यापूर्वी ‘धोका’ हा शब्द एकाच उंचीत, पण तीन जाडींत मुलांकडून काढून घ्यावा. शब्द ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याने लांबून एकेक पाऊल पुढे येत तो वाचावा आणि अंतरे मोजावीत. जे अक्षर सर्वांत लांबून बिनचूक वाचले जाईल, तेच फलकासाठी घ्यावे.